बांधलेला गोटा

आमच्या मोठ्या बाईंबरोबर रस्त्याने चालणे हा संयमाचा अभ्यास होता. वाटेत गोटा दिसला की त्या थांबत, वाकत, तो उचलून कडेला नेऊन ठेवत, कमरेला खोचलेल्या खास त्याच कामाच्या फडक्याला हात पुसत आणि वाक्य ज्या शब्दावर तुटले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून पुन्हा चालू करत. मागचे शब्द ऐकणाऱ्याने धरून ठेवायचे असत. मी त्यांच्या शाळेत गणित शिकवत असे. माझी स्मरणशक्ती जी काही बरी आहे, ती मी त्या रस्त्यावर कमावली.

शाळा नेरजवळच्या आमच्या लहानशा गावात होती आणि बाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. मूळच्या त्या महागावकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. घरच्यांशी गोरबोली, वर्गात प्रमाण मराठी आणि राग आला की अस्सल वऱ्हाडी, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून ठेवली होती. बाई वऱ्हाडीत बोलू लागल्या की मुले आपोआप उभी राहत.

त्यांच्या पणजोबांपर्यंत घरात लदेणीचा व्यवसाय होता. म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव वाहून न्यायचे. बैल गेले, गोण्या गेल्या, घराणे शेतीला लागले, पण त्या काळचा एक नियम घरात शिल्लक राहिला. जो सर्वांत पुढे चालतो, त्याने वाटेतला गोटा उचलायचा. पुढच्या माणसाला गोटा चुकवता येतो. मागच्या लादलेल्या बैलाला खाली पाहता येत नाही. हा नियम बाईंना आजोबांनी सांगितला आणि त्यांनी तो आमच्या शाळेला लावला. घरून येताना वाटेत दिसलेला गोटा प्रत्येक मुलाने उचलायचा आणि कुंपणाशी आणून ठेवायचा. कोणी "कायले बाई?" असे विचारले, तर एकच उत्तर मिळे : "मागून येणारा आपलाच असते."

अशा रीतीने शाळेच्या मैदानाभोवती वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीची एक पाळ उभी राहिली. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहून विचारले, "हे बांधकाम कोणत्या योजनेतून?"

"वाटेतून, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी ते लिहून घेतल्याचे मला स्मरते.

मैदानातल्या झाडांनाही त्यांनी हजेरीक्रमांक दिले होते. दर सोमवारी प्रार्थनेनंतर त्या झाडांची हजेरी घेत. "एक" म्हटले की कडुनिंबाखाली उभा असलेला मुलगा "हजर" म्हणून ओरडे. एका वादळात सातव्या क्रमांकाच्या शेवग्याची फांदी नव्हे, अख्खे झाडच आडवे झाले. तो क्रमांक बाईंनी दुसऱ्या झाडाला दिला नाही. त्या "सात" म्हणत, क्षणभर थांबत आणि "आठ" म्हणत. त्या क्षणभराच्या शांततेत सर्वांत वांड मुलगाही बोलत नसे. वजाबाकी म्हणजे काय, हे मला पुष्कळ उदाहरणे देऊन जेवढे शिकवता आले नाही, तेवढे त्या थांबण्याने शिकवले.

बाई निवृत्त झाल्या, त्याच सुमारास शाळा फाट्यावरच्या नव्या इमारतीत गेली. जुनी इमारत मोडकळीस आली होती, ती पाडली. मैदान, झाडे आणि गोट्यांची पाळ तेवढी उरली. गावाच्या कागदावर त्या मैदानाचे नाव 'रिकामी जागा' असे झाले आणि रिकाम्या जागेचे पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक असते. ग्रामसभेत दुकानांच्या गाळ्यांचा विषय निघाला. मागच्या बाजूने कापसाच्या ट्रॅक्टरांनी पाळ तीन ठिकाणी फोडून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जायचा जवळचा रस्ता पाडला होता. बाईंनी निवृत्तीनंतर पाळीलगत लावलेली रोपे चाकांखाली जात होती.

बाई सरपंचांकडे गेल्या. मी सोबत होते. सरपंच बाईंचेच विद्यार्थी. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभे राहिले.

"बाई, तुमचा शब्द मी मोडत नाई," ते म्हणाले. "पण तिथं बाग दिसली पायजे."

"एवढी झाडं आहेत. ती बाग नाही?"

"झाडाखालून ट्रॅक्टर जाऊन राह्यले, त्याले बाग कोन म्हनते बाई? अवंदाचा कापूस घरी येईपर्यंत मी इषय थांबवतो. तोवर लोकायनं जागा मोकळी सोडली, तर बाग. नाई तर गाळे."

बाईंनी काटेरी तार लावली. ती कोणीतरी आपल्या शेताला नेऊन लावली. त्यांनी 'येथून वाहने नेण्यास मनाई आहे' असा फलक उभारला. त्याच्या खांबाला लोक शेळ्या बांधू लागले. बाई फलकासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "शुद्धलेखन बरोबर आहे. वाचणारा मात्र शेळीच आहे."

त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलाने मला जपानला बोलावले. तो तिकडे नोकरी करतो. आमच्या ह्यांना विमानाची धास्ती, ते म्हणाले, "मी बैलगाडीनं येतो, तू हो पुढं." सोबत म्हणून मी बाईंना विचारले. मुलगा त्यांचाच विद्यार्थी. त्यांनी एकच प्रश्न केला, "तिथं रस्ते कसे आहेत?" मुलाने फोनवर सांगितले की रस्त्यावर एक गोटा सापडणार नाही. बाई जरा हिरमुसल्या, पण आल्या.

एके दिवशी रजा घेऊन मुलगा आम्हांला गावाबाहेरच्या सार्वजनिक बागेत घेऊन गेला. पूर्वी त्या जागी मोठे बौद्ध मंदिर होते. मंदिर पुढे उरले नाही. त्याचे आवार मात्र लोकांनी राखले आणि त्याची बाग झाली. मुलाने हे सांगताच बाईंनी प्रवेशद्वारात चपला काढल्या.

"बाई, आता मंदिर नाही इथे," मुलगा घाईने म्हणाला. "सगळे बूट घालूनच जातात."

"आपल्या गावच्या विहारात जाताना चपला काढतोस ना?"

"पण तिथं विहार आहे!"

"इमारत गेली म्हणून जागा जात नाही. हे तुला नाही कळणार, तू शाळा पाडायच्या आधी पास झालास."

तिकीट देणारे वृद्ध गृहस्थ खिडकीतून वाकून बाईंच्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी चपलांसाठी एक कागदी पिशवी पुढे केली आणि मान लववली. बाईंनीही लववली. त्यांनी पुन्हा लववली. कोणी आधी थांबायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हते; शेवटी मागे रांग लागली म्हणून मुलाने बाईंना आत नेले.

आत एक तळे होते, तळ्याकाठी पाइनची म्हातारी झाडे होती आणि त्यांच्या आडव्या फांद्यांना लाकडी टेकू दिले होते. गवतात सपाट, रुंद दगड ओळीने बसवलेले दिसत होते. मंदिराचे खांब त्यांवर उभे असत, असे मुलाने फलक वाचून सांगितले. खांब नव्हते, दगड जिथल्या तिथे होते. दोन आज्या त्यांतल्या एकावर बसून डबा खात होत्या. बाईंनी त्या ओळीच्या टोकाशी उभे राहून बोटाने दगड मोजायला आरंभ केला. मी जवळ गेले, तेव्हा ऐकू आले की त्या मोजत नव्हत्या, हजेरी घेत होत्या. प्रत्येक क्रमांकानंतर त्या थांबत होत्या, सातव्या झाडासाठी थांबत तशाच.

पुढे झाडीत ओलसर सावली होती आणि जमीन सगळी शेवाळाने झाकलेली होती. एक माणूस गुडघ्यांवर बसून चिमट्याने त्यातले गवत वेचत होता.

"आपण विहिरीवरचं शेवाळ खरवडून काढतो," बाई म्हणाल्या, "आणि हे बाप्पा, लावून राह्यले!"

त्या रागावल्याशिवाय वऱ्हाडीत बोलल्या, म्हणजे त्यांना फारच नवल वाटले होते.

तिथून पायवाट दोन दिशांना फुटत होती. डाव्या फाट्याच्या पहिल्याच फरशीवर मुठीएवढा एक गोल गोटा ठेवलेला होता. त्याला काळी दोरी आडवी-उभी बांधून वर गाठ मारली होती. मी आणि मुलगा तळ्यातले मासे पाहत मागे राहिलो होतो. बाई पुढे होत्या. जो पुढे चालतो त्याचा नियम काय, हे मी वर सांगितलेच आहे. बाई थांबल्या, वाकल्या, गोटा उचलून त्यांनी कडेला ठेवला, फडक्याला हात पुसले आणि त्या डाव्या वाटेने चालू लागल्या.

त्यांच्या मागून एक वयस्क जोडपे येत होते. ते फाट्याशी क्षणभर घुटमळले, पण वाट मोकळी आहे असे पाहून बाईंच्या मागे गेले. त्यांच्या मागून पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची मुले, जोडीजोडीने हात धरून. आम्ही वर पाहिले, तेव्हा बाईंच्या मागे एक मिरवणूक निघालेली होती आणि शेवाळातला माणूस चिमटा टाकून धावत होता.

तो बाईंसमोर आला. ओरडला नाही. त्याने मान लववली आणि दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. बाईंना वाटले, ही इथली नमस्काराची रीत असावी. त्यांनीही छातीसमोर फुली धरली आणि प्रसन्नपणे हसल्या. पिवळ्या टोप्यांमधून खसखस पिकली. मग सगळ्या मुलांनी एकमेकांना फुल्या दाखवायला सुरुवात केली.

"बाई, फुली म्हणजे नाही!" मुलगा धापा टाकत पोहोचला. "तो गोटा तुम्ही कायले उचलला?"

"वाटेत पडला होता."

"पडला नव्हता, ठेवला होता! दोरी बांधलेला गोटा म्हणजे इकडून जाऊ नका. पुढे नवं शेवाळ लावलं आहे."

बाईंनी मागे वळून पाहिले. वाट अरुंद होती. मुले दाटीने उभी राहिल्यामुळे काहींचे बूट फरशीखाली उतरले होते आणि कोवळ्या शेवाळात काळे ठसे उमटले होते. बाईंचा चेहरा मी पुष्कळ प्रसंगी पाहिला आहे. शाळा पाडली त्या दिवशीही पाहिला. तो असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"माझ्यामुळे मागचे चुकले," त्या हलकेच म्हणाल्या.

मुले परत फिरली. बाईंनी फाट्याशी जाऊन गोटा होता तिथे ठेवला आणि तो शेवाळातला माळी दुसरी कामे आटोपून येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हातांची फुली दाखवत आणि उजवीकडे बोट करत. अनवाणी, नऊवारी नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई. लोक त्यांना बागेच्याच कर्मचारी समजून मान लववून उजवीकडे जात होते. एकानेही हुज्जत घातली नाही. बाई ते लक्षपूर्वक पाहत होत्या.

माळी आल्यावर त्यांनी मुलामार्फत क्षमा मागितली आणि लगेच विचारले, "याला विचार, तार लावली आहे का कुठे?"

माळी म्हणाला, तार नाही. फक्त गोटा.

"आणि न ऐकणाऱ्याला?"

माळ्याने विचार केला. मुलाने भाषांतर केले, "म्हणतात, आज पहिल्यांदाच असं झालं."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गाठ कशी मारायची ते दाखवायला सांगितले. माळ्याने दोरी सोडून पुन्हा बांधली. बाईंनी त्याच्या हातातून ती घेतली आणि स्वतःच्या पद्धतीने बांधली, गोणी बैलाच्या पाठीवरून घसरू नये म्हणून मारतात ती गाठ, आजोबांनी शिकवलेली. माळ्याने गोटा फिरवून फिरवून पाहिला, गाठ ओढून पाहिली आणि तो तसाच फरशीवर ठेवला. सोडून पुन्हा बांधला नाही. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाल्या, "मी वाटेचा अर्धाच धडा शिकवला."

गावी आल्यावर बाईंनी पाळीतले तीन गोटे निवडले, अंबाडीच्या दोरीने बांधले आणि फुटलेल्या तिन्ही ठिकाणी एकेक ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहायला गेलो. पहिल्या गोट्याला शेंदूर फासलेला होता आणि पुढे उदबत्ती जळत होती. दुसरा जागेवर नव्हता. तो भाजीवाल्याच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवलेला आढळला. तिसरा पाळीवर व्यवस्थित मांडलेला होता आणि त्या वाटेने ट्रॅक्टरची ताजी चाकोरी गेली होती. ट्रॅक्टरवाला गडी तिथेच उभा होता.

"तू हटवला?" बाईंनी विचारले.

"हो बाई," तो अभिमानाने म्हणाला. "वाटंतला गोटा उचलाचा, पाळीवर ठेवाचा. तुमीच तं शिकवलं. तिसरीत होतो मी."

साऱ्या गावाला त्यांनीच गोटे उचलायला शिकवले होते. आता त्या गावासमोर गोटा ठेवून त्यांना वाट अडवायची होती. ग्रामसभेत काय होईल ते मला दिसू लागले. मी म्हटले, "बाई, जपानचं जपानात. आपली माणसं निराळी आहेत."

"माणसं निराळी नाहीत," बाई म्हणाल्या. "धडा अपुरा आहे."

त्यांनी त्या सोमवारी नेहमीच्या वेळी मैदानात उभे राहून झाडांची हजेरी घेतली. मोठ्याने. पहिल्या सोमवारी मी एकटीच "हजर" म्हणत होते आणि मला संकोच वाटत होता. मग शेळ्या घेऊन जाणारी बाया-माणसे थांबू लागली. एकेकाळी त्या झाडांखाली उभी राहिलेली मुले आता बाप्ये झाली होती; क्रमांक कोणी विसरले नव्हते. हजेरी संपली की बाई एक मोकळा गोटा आणि एक बांधलेला गोटा हातात धरत आणि नवा धडा सांगत : "मोकळा गोटा उचलायचा. बांधलेला गोटा ठेवायचा. दोन्ही मागच्यासाठीच." दुसरे काहीही नाही. प्रश्न विचारू देत. भाषण करत नसत. गाठ मात्र सगळ्यांसमोर सोडून पुन्हा मारून दाखवत.

शेंदूर फासणारी म्हातारी त्या ट्रॅक्टरवाल्याचीच आई निघाली. बाईंनी तिला समजावले की हा देव नाही.

"थांब म्हननारा देवच असते, बाई," म्हातारी म्हणाली. "तुमाले नाई समजनार, तुमी शिकेल हा."

बाईंनी तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिले. "बरं. रोज पाणी घालतेस ना त्याच्यावर? ते शेजारच्या रोपाला घाल. गोटा पाणी पीत नाही." म्हातारी तेव्हापासून गोट्याला हात जोडते आणि तांब्या रोपाच्या बुडाशी रिकामा करते. ते रोप बाकीच्यांपेक्षा हातभर उंच आहे.

कापूस घरी येऊ लागला, तशी आमची धाकधूक वाढली. एका सकाळी मी आणि बाई कडुनिंबाखाली उभ्या असताना बाहेरगावचा एक ट्रॅक्टर कापसाने गच्च भरून फुटलेल्या पाळीशी आला. त्याच्या मागे आमच्या गावच्या दोन बैलगाड्या होत्या. त्यांना पाळीपुढून वळून पलीकडच्या रस्त्याला लागायचे होते. पण हा मध्येच थांबला होता. चालक खाली उतरला आणि गोटा उचलायला वाकला. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

"ओ भाऊ! बांधेल हाये तो!" मागच्या गाडीवरून आवाज आला.

"मंग?"

"मंग काय मंग? मांगं घ्या."

"अन् कोन पायते इथं?"

"आमी पाऊन राह्यलो ना!" दुसरा गाडीवान म्हणाला. "कोनत्या शाळेत होता बाप्पा तुमी?"

चालकाने गोट्याकडे पाहिले, गाड्यांकडे पाहिले, पुटपुटत वर चढला. बैलगाड्या आधी मागे सरल्या, मग ट्रॅक्टर सरला आणि सगळे वळणाच्या रस्त्याने जिनिंगकडे गेले. बाईंनी माझा हात सोडला. चाकाने उखडलेला एक गोटा वाटेत पडला होता. तो त्यांनी उचलून पाळीवर ठेवला आणि हात पुसले.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय वाचून दाखवला : रिकाम्या जागेवर गाळे बांधण्याबाबत. "कोनती रिकामी जागा?" असे मागून कोणीतरी विचारले. सरपंच म्हणाले, "जुन्या शाळेची." तेव्हा ट्रॅक्टरवाला गडी उभा राहिला. "ते रिकामी कुठं हाये? सोमवारी हजेरी असते तिथं." लोक हसले, सरपंचही हसले आणि त्यांनी कागदावरचा तो विषय खोडून टाकला.

बाई आता महागावकडे, आपल्या भाच्याच्या घरी राहतात. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. भाच्याची मुले पुढे चालतात आणि बाई मागून गोटे दाखवतात, असे कळते. सोमवारची हजेरी मी घेते. अंबाडीची दोरी पावसात कुजते, हे मी बाईंना फोनवर कळवले होते आणि यंदा तीनही गोटे नव्याने बांधावे लागतील म्हणून नेरहून दोरीही आणून ठेवली होती. ती गाठ मला अजून नीट जमत नाही, हेही खरे.

गेल्या सोमवारी मी दोरी घेऊन जरा लवकर मैदानात गेले. पहिला गोटा पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींची दोरी नवी होती. मी गाठ ओढून पाहिली. घट्ट होती, गोणीची गाठ, बाईंची. कोणी बांधली ते मला ठाऊक नाही. मी आणलेली दोरी कडुनिंबाच्या फांदीला अडकवून ठेवली, मागून येणाऱ्याच्या कामी येईल म्हणून, आणि हजेरीला उभी राहिले.